पहिली रायफल? घेऊच नका!

परवा हापिसात चहाच्या रांगेत उभा होतो. टेस्टिंगमधला एक पोरगा जवळ आला आणि म्हणाला, "तू नेमबाजीला जातोस ना रे? मलाही शिकायचंय. पहिली रायफल कुठली घेऊ?" हा प्रश्न विचारणारा या महिन्यातला तो तिसरा. त्याच्या मोबाईलवर तीन मॉडेलं उघडलेलीच होती. एकाखाली 'सेकंदाला १००० फूट' असं ठळक अक्षरात लिहिलेलं, दुसऱ्याबरोबर दुर्बीण फुकट, आणि तिसरी चक्क जर्मन. तिच्यासाठी पर्सनल लोन किती बसेल याचा हिशोबही पठ्ठ्यानं मांडून ठेवला होता.

मी म्हटलं, "कुठलीच घेऊ नकोस."

त्याला वाटलं मी भाव खातोय. चहा घेऊन निघून गेला. रांगेत उभ्या उभ्या समजावण्यासारखं हे प्रकरण नव्हतंच. म्हणून आज शनिवार सकाळ सत्कारणी लावून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी कुणी मोठा नेमबाज वगैरे नाही. गेली चार वर्षं बहुतेक वीकांतांना घराजवळच्या रेंजवर दोन-दोन तास उभा राहतो, इतकंच. ६० शॉटची पूर्ण मॅच मारली तर दशांश गुणांत जास्तीत जास्त ६५४ होतात (एका शॉटला १०.९). मी ५८५च्या आसपास घुटमळतो. जिल्हा पातळीवरची शाळकरी पोरं मला आरामात मागे टाकतात. तेव्हा हा सल्ला तज्ज्ञाचा नाही, चुका करून बसलेल्याचा आहे. त्यातली एक चूक तर माझ्या खिशातून गेलीच नाही, दुसऱ्याच्या घरातून गेली. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरी गोष्ट, 'रायफल' म्हणजे कुठली? १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ जिंकलं आणि तेव्हापासून रेंजवर नवशिक्यांची गर्दी वाढली. छानच झालं. पण स्वप्निलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन. त्यात पॉइंट टू टूची खरी गोळी असते आणि त्या रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. आपल्यासारखे नवशिके जिथून सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफल. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. यात दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा उडतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. आणि घोळ इथेच सुरू होतो. परवाना नाही म्हटल्यावर ती आपल्याला हेडफोन किंवा मिक्सरसारखी 'घेऊन टाकायची वस्तू' वाटायला लागते.

मलाही तसंच वाटलं होतं. पहिला बोनस हातात आला आणि मी घेतली एक. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, सेकंदाला १००० फूट, वर भलीमोठी दुर्बीण. का? तर आकडा मोठा होता. आपल्याला सवयच ती. जास्त मेगापिक्सेल, जास्त रॅम, जास्त फूट. आता गंमत बघा. ऑलिंपिकच्या रायफलीतून छर्रा सुटतो तो सेकंदाला साधारण १७०-१७५ मीटरनं, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या आगेमागे. माझी दुकानातली रायफल जाहिरातीत तरी बिंद्राच्या रायफलीच्या पावणेदोन पट 'वेगवान' होती. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला इतका वेग कशाला हवा, हा प्रश्न मला पडलाच नाही.

बरं, स्प्रिंगच्या रायफलीचा स्वभावही जरा विचित्र असतो. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल मागे ढकलली जाते. पिस्टन टोकाला जाऊन आपटला की ती परत पुढे झटका देते. आणि हे सगळं चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तुम्ही रायफल किती घट्ट धरली, कुठे धरली, यावर छर्रा कुठे लागणार ते बदलतं. मुरलेला माणूस तिला हलक्या हातानं, दर वेळी अगदी तशीच धरून उत्तम नेम साधतो. नवशिक्याला मात्र छर्रा डावीकडे गेला तो ट्रिगर ओढल्यामुळे, श्वासामुळे, की रायफलीच्या झटक्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच बिल्डवर कधी पास आणि कधी फेल होणाऱ्या टेस्टवर कोड शिकायला बसल्यासारखं आहे ते.

आणि दुर्बीण? १० मीटरच्या मॅचमध्ये दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे एक रिंग, आणि त्या रिंगेत टारगेटचा काळा गोल मधोमध बसवायचा. असो. ती रायफल सध्या आईच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी आहे.

आता मुद्द्याकडे येतो. इंजिनिअर आहोत, तर थोडं गणित करू.

१० मीटरच्या टारगेटवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. ऐकून घाम फुटतो. पण छर्रा स्वतः साडेचार मिमीचा, आणि त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा धरतात. म्हणजे छऱ्याचं केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिमीच्या आत पडलं की झालं दहा. आमच्या रेंजवर एक जुनी क्लब रायफल आहे. बटवरचं पॉलिश उडालेलं, किती जणांच्या गालांनी घासून निघालेली. ती शिकंज्यात घट्ट बसवून मारली तर पाचही छऱ्यांचा पसारा तीन मिमीच्या आत येतो. म्हणजे ती म्हातारी एकटी असती तर तिनं दहाच्या खाली काही मारलंच नसतं!

मी पहिल्या महिन्यात तीच रायफल हातात धरून मारली तेव्हा माझा पसारा होता चाळीस मिमी. पूर्ण टारगेटच साडेपंचेचाळीस मिमीचं असतं. आता स्वतंत्र चुकांची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते, हे आपण इंजिनिअरिंगला शिकलोय (आणि परीक्षा झाल्यावर विसरलोय :) ). माझे ४० आणि रायफलीचे ३ मिळून झाले ४०.११ मिमी. समजा कर्ज काढून मी १ मिमीची जर्मन रायफल आणली असती, तर झाले असते ४०.०१. अडीच-तीन लाख रुपये खर्चून मिळालं काय, तर एक दशांश मिलिमीटर.

चारशे मिलिसेकंद घेणाऱ्या क्वेरीकडे ढुंकूनही न बघता दोन मिलिसेकंदांचा लूप सुधारत बसणाऱ्या ज्युनिअरला आपण कोड रिव्ह्यूत धारेवर धरतो. आणि शनिवारी बाजारात जाऊन नेमकं तेच करतो. आधी मोजा, मग सुधारा, हा नियम फक्त हापिसापुरता का बरं?

जत्रेतला फुग्यांचा स्टॉल आठवा. तिथल्या बंदुकीची माशी वाकडी असते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आपले दहापैकी तीन फुगे फुटतात आणि आपण बंदुकीला शिव्या देतो. मग स्टॉलवाला तीच बंदूक घेतो आणि गप्पा मारत मारत ओळीनं फुगे उडवतो. माशी त्याच्यासाठी सरळ झालेली नसते. ती किती आणि कुठल्या बाजूला वाकडी आहे, हे त्याला पाठ असतं एवढंच.

आता ती दुसरी चूक. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण ती टाळून हा लेख अर्धवट होईल.

माझी मावसबहीण तासगावकडे असते. दाजी शाळेत शिक्षक. त्यांची मुलगी, माझी भाची, तेव्हा बारा वर्षांची होती. पॅरिसचं पदक झालं आणि ती रेंजवर जायला लागली. दोन महिने झाले नाहीत तोच तिथल्या कोचनं पालकांना बोलावून सांगितलं, "पोरीत दम आहे, पण स्वतःची इंपोर्टेड रायफल पाहिजे. नाहीतर मागं पडंल." रायफल मिळणार कुठून, तर त्याच कोचकडून. शिकवणारा आणि विकणारा माणूस एकच. बारा वर्षांच्या लेकीबद्दल 'मागं पडंल' हे शब्द ऐकल्यावर कुठला बाप शांत झोपेल?

दाजींचा मला फोन आला. "तू इंजिनिअर हाईस, तुला यातलं कळतंय. कुठली घिऊ सांग."

आणि मी काय केलं? एक्सेल उघडलं. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आनशुट्झ, स्टायर. रकाने पाडले, गुण दिले, रंग भरले. सगळ्यात वर आलेल्या मॉडेलला हिरवा रंग देऊन पाठवून दिलं. त्या एक्सेलमध्ये सतरा रकाने होते. भाचीची उंची, वजन आणि हाताची लांबी यांचा एकही नव्हता.

ताईनं पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. रायफल आली. सुंदरच होती, वादच नाही. पण ती मोठ्या माणसाच्या मापाची. पोरीचं वजन ३६ किलो आणि हातात साडेचार किलोची रायफल, म्हणजे स्वतःच्या वजनाचा आठवा हिस्सा. बट सगळ्यात आत सरकवला तरी तिला लांबच पडायचा. मग डोळा पीपपर्यंत न्यायला ती मान पुढे ताणायची आणि तोल सांभाळायला कंबर मागे वाकवायची. त्यात सिलिंडरमध्ये हवा भरायची तर ती २०० बारच्या दाबाची. घरी ती सोय नाही, म्हणून प्रत्येक वेळी रेंजवरच जायचं. चार महिन्यांत पाठ दुखायला लागली, गुण वाढायच्या ऐवजी कमी झाले. मग घरात बोलणी सुरू झाली. "एवढी महागाची घेऊन दिली तरी..."

या एका वाक्यानं पोरीचा खेळ संपवला. आधी तिला नेमबाजी आवडायची. नंतर प्रत्येक शॉटमागे तिला आईच्या पाटल्या दिसायला लागल्या. एक दिवस म्हणाली, "मामा, मला नाही जायचं." कारण विचारलं तर सांगेना. मी फार खोदून विचारलंही नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. ते माझ्याच एक्सेलमध्ये होतं.

तर माझं भांडण आहे ते या प्रश्नाशीच. 'पहिली रायफल कुठली?' असं विचारलं की 'विकत घ्यायची' हे गृहीतच धरलेलं असतं. पोहायला शिकायला जाताना कुणी आधी तलाव विकत घेत नाही. तबला शिकणारा पोरगा पहिले कित्येक महिने गुरुजींच्या घरचाच तबला बडवतो. अंजली भागवत नेमबाजीकडे वळल्या त्या मुंबईत एनसीसीत असताना, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचल्या. एनसीसीत कुणी घरून स्वतःची रायफल घेऊन येत नाही.

यावर लोक काय म्हणतात तेही ऐकलंय. त्यांचाही विचार करू.

"पण बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती!" होती ना. आणि त्याच्या पातळीवर सामानानं फरक पडतोच, हे मी कधी नाकारलं? बीजिंगला त्याचे एकूण गुण होते ७००.५ आणि रौप्यपदकवाल्या चीनच्या झू चिनानचे ६९९.७. फरक ०.८ चा. जिथे सोनं आणि चांदी यांत आठ दशांश असतात, तिथे मिलिमीटरचा दहावा भागही महाग पडतो. तुमचा पसारा चाळीस मिमीवरून सहा-सातवर आला की मीच तुम्हाला दुकानापर्यंत सोडायला येईन.

"एकदाच चांगली घेतली की आयुष्यभराची कटकट गेली." नाही जात. उभं राहायची पद्धत पहिल्या वर्षात चार वेळा बदलते. डावा हात स्नायूंच्या जोरावर न पेलता कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचा, हे अंगात मुरेपर्यंत तुमचं खरं माप काय ते तुम्हालाच माहीत नसतं. आणि वाढत्या वयातल्या मुलांचं तर बोलायलाच नको. शाळेचे बूट आपण दरवर्षी नवे घेतो, आणि रायफल 'आयुष्यभराची'?

"विकली तर पैसे परत मिळतात." काही मिळतात. पण सिलिंडरवर तारीख असते. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि आयएसएसएफच्या नियमात मुदतीतला सिलिंडर वापरायची जबाबदारी खेळाडूची. कपाटात पडून राहिलेल्या रायफलीचंही हे घड्याळ चालूच राहतं.

मग करायचं काय? माझा साधा हिशोब असा.

पहिले सहा महिने क्लबची रायफल. रेंज निवडताना एवढंच बघा की तिथे नवशिक्यांसाठी दोन-तीन वेगवेगळ्या मापाच्या रायफली आहेत का आणि शिकवणारा माणूस तुमच्या मागे उभा राहून बघतो का. जो कोच पहिल्याच महिन्यात सामानाची यादी हातात ठेवतो त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

पैसे खर्च करायला हात शिवशिवत असतील तर छऱ्यांवर करा. फीवर करा. डाव्या हाताचा ग्लोव्ह घ्या. जॅकेट आणि ट्राउझर नंतर, तेही तुमच्या अंगावर बसणारं. घरी रोज पंधरा मिनिटं भिंतीसमोर होल्डिंगचा सराव करा. त्याला रायफलच पाहिजे असं नाही, पहिल्या महिन्यात मी पाण्याच्या दोन बाटल्या काठीला बांधून करायचो. (आईनं आधी विचारलं, "बरा आहेस ना?" मग विचारायचं सोडून दिलं.)

दर आठवड्याला पसारा मोजून वहीत लिहा. गुण लिहू नका, पसारा लिहा. तो कमी होतोय तोवर रायफल बदलायचं कारणच नाही. तो सहा-सात मिमीवर येऊन सलग दोन महिने हटला नाही आणि शिकंज्यातली रायफलही तेवढाच पसारा दाखवायला लागली, तर समजा आता खरंच तिची चूक आहे.

आणि मग घ्याल तेव्हा मापाची घ्या. बटची लांबी, गालपट्टीची उंची, पेललं जाईल एवढं वजन, हलका आणि दर वेळी एकाच जागी सुटणारा ट्रिगर. जुनी मिळाली तर उत्तम, फक्त सिलिंडरची तारीख बघून. नियमात रायफलीचं वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो चालतं. 'जास्तीत जास्त' म्हणजे 'तेवढंच पाहिजे' असं नव्हे. वजनं नंतर लावता येतात, आधीच जड घेतलेली रायफल फारशी हलकी होत नाही.

अजून एक, आणि हे गंमतीत घेऊ नका. परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणं आहे असा होत नाही. गच्चीवरून कबुतरं, कुत्री, माकडं यांच्यावर छर्रे झाडणारे महाभाग आपल्याच सोसायट्यांत राहतात. चार पावलांवरून लागलेला छर्रा माणसाचा डोळा घेऊ शकतो. घरात रायफल आणणं म्हणजे कुलूप, वेगळी ठेवलेली छऱ्यांची डबी आणि पाहुण्यांच्या पोरांवर लक्ष, एवढं सगळं घरात आणणं. रेंजवर हे सगळं बघायला कुणीतरी असतं. रायफल तिथेच राहू द्या, हे म्हणण्यामागे तेही एक कारण आहे.

टेस्टिंगमधल्या त्या पोराला मी सोमवारी पुन्हा गाठणार आहे. येत्या शनिवारी सकाळी सातला त्याला रेंजवर घेऊन जाईन आणि त्या पॉलिश उडालेल्या म्हातारीसमोर उभं करीन. चाळीस मिमी आला तरी हसणार नाही.

भाचीची रायफल अजून विकली गेलेली नाही. दोन गिऱ्हाइकं आली, सिलिंडरवरची तारीख बघून भाव पाडून गेली. गेल्या दिवाळीला तासगावला गेलो होतो तेव्हा ताईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट चकल्या बांधून दिल्या. डबा घेताना तिच्या हाताकडे लक्ष गेलं. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत. पुढचे तीन हप्ते मी भरणार आहे, आणि ते एक्सेल मी अजून डिलीट केलेलं नाही.